मुद्गल आणि स्त्रीचा हात : मुरगूडच्या संदर्भात एका साधनाचा इतिहास

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, वेदगंगेच्या खोऱ्यात वसलेले मुरगूड कुस्तीक्षेत्रात आज ज्या कारणाने ओळखले जाते, ते शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या वस्तादाला सहसा पटले नसते. येथील लोकनेते सदाशिवराव मंडलिक राष्ट्रीय कुस्ती संकुलात मुली कुस्ती शिकतात, आणि स्वाती शिंदे, नंदिनी साळोखे यांच्यासारख्या मल्ल याच संकुलात घडून राष्ट्रीय स्पर्धांत उतरल्या. मुलींसाठी आखाड्याचे दार उघडणे ही सामाजिक इतिहासातील मोठी घटना असली, तरी तिच्याबरोबर एक लहान वाटणारा परंतु मूलभूत प्रश्न उभा राहतो आणि त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. आखाड्यातील साधने कोणाच्या शरीराच्या मापाने घडली आणि ती मुलीच्या हाती देताना त्यांत काय बदलावे लागते, हा तो प्रश्न होय. त्याचा शोध घेण्यास मुद्गलाइतके योग्य साधन दुसरे नाही, कारण मुद्गल केवळ उचलला जात नाही तर फिरवला जातो, आणि फिरवल्या जाणाऱ्या साधनाचा फिरवणाऱ्याच्या उंचीशी, खांद्याशी आणि मनगटाशी जो मेळ बसावा लागतो, तो नुसत्या वजनाच्या आकड्यावर ठरत नाही.

मुद्गल म्हणजे अखंड लाकडातून कातून काढलेला, वर निमुळता आणि खाली फुगीर असा दांडका. त्याच्या वरच्या टोकाला हातात मावेल एवढी मूठ असते आणि हात निसटू नये म्हणून मुठीच्या शेंड्याला लहानशी गाठ ठेवलेली असते. मुठीखाली बारीक गळा, त्याखाली हळूहळू वाढत जाणारा घेर आणि शेवटी जमिनीवर उभे राहता येईल असे सपाट बूड, अशी त्याची घडण असते. शिसव, बाभूळ यांसारखे जड आणि चिवट लाकूड त्यासाठी निवडले जाते, कारण हलके लाकूड वापरल्यास हवे ते वजन साधण्यासाठी घेर इतका वाढवावा लागतो की मुद्गल डोक्याला किंवा पाठीला घासू लागतो. मुद्गल बहुधा जोडीने फिरवतात आणि फिरवण्याच्या ठरावीक प्रकारांना ‘हात’ म्हणतात. मूलभूत हातामध्ये मुद्गल छातीसमोर उभा धरून खांद्यावरून मागे सोडला जातो, तो पाठीमागे लंबकासारखा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झुलतो आणि पुन्हा खांद्यावरून समोर येऊन उभा राहतो. या झोक्यात कोपर कानाच्या जवळ आणि वर राहावे लागते. ते बाहेर पसरले की मुद्गलाचा भार खांद्याच्या सांध्यावर तिरका पडतो आणि हात करणाऱ्याची कंबर मागे वाकते. करेल हे मुद्गलाच्याच कुळातले साधन असून, लांब दांड्याच्या टोकाला दगडी किंवा लोखंडी गोळा बसवलेली गदाही याच तत्त्वावर फिरते. दोन-तीन किलोंच्या हलक्या जोडीपासून मुरलेल्या मल्लाच्या दहा-पंधरा किलोंच्या आणि त्याहून जड जोडीपर्यंत मुद्गलाची वजने चढत जातात, मात्र या चढणीची पहिली पायरी कोणासाठी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. ती अंगाने भरू लागलेल्या मुलासाठी होती.

या साधनामागील व्यायामविचार दक्षिणेत किती जुना आहे, याची साक्ष कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मिळते. इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथात मल्लविनोद या प्रकरणामध्ये मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार आणि त्यांचे श्रम, म्हणजे व्यायाम, यांची माहिती दिलेली असून भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम आणि स्तंभश्रम असे प्रकार सांगितलेले आहेत. भार पेलण्याचा, चालण्या-फिरण्याचा, पाण्यातला आणि खांबावरचा असे हे व्यायाम होत. त्या काळी कोल्हापूरच्या परिसरावर शिलाहार गंडरादित्याची सत्ता होती आणि शिलाहार हे चालुक्यांचे मांडलिक होते, तेव्हा कल्याणीच्या दरबारात लिहिला गेलेला हा व्यायामविचार पंचगंगेच्या आणि वेदगंगेच्या खोऱ्यांना परका नव्हता, असे मानण्यास जागा आहे. ग्रंथातील मल्ल मात्र सर्वत्र पुरुष आहे. त्याचे वय, उंची आणि अंगकाठी यांवरून त्याची प्रत ठरते, म्हणजे शरीरानुसार वर्गवारी करण्याची कल्पना तेथे स्पष्ट आहे, परंतु ती पुरुषाच्या शरीरापुरतीच.

सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी बलोपासनेला मारुतीच्या उपासनेची जोड दिली. त्यांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे आणि पारगाव येथील मारुती कोल्हापूर जिल्ह्यातच आहेत. तालमीत मारुतीची स्थापना करणे, शनिवारी त्याला तेल वाहणे आणि मल्लाने ब्रह्मचर्य पाळणे या प्रथांनी तालमीला पावित्र्य दिले, शिस्त दिली आणि गावोगावच्या तरुणांना व्यसनांपासून दूर ठेवले, हे मान्य करावेच लागेल. तथापि याच प्रथांमुळे लाल मातीच्या हौद्याजवळ स्त्रीने येऊ नये असा दंडक रूढ झाला आणि तो इतका नैसर्गिक मानला गेला की त्याचे समर्थन करण्याचीही गरज कोणाला वाटली नाही. साधनांच्या इतिहासाच्या दृष्टीने याचा परिणाम सरळ आहे. ज्या जागी स्त्री येतच नाही, त्या जागी तिच्या हाताच्या मापाची मूठ कोणी कातत नाही.

करवीर संस्थानात कुस्तीला जो राजाश्रय मिळाला, त्याचे श्रेय राजर्षी शाहू छत्रपतींना जाते. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले आणि १८८४ साली करवीरच्या गादीवर दत्तक आलेले शाहू महाराज स्वतः कसलेले मल्ल होते. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने ते युरोपात गेले असता रोममधील कलोसियम पाहून तसे मैदान कोल्हापुरात असावे, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यातून १९१२ साली खासबाग मैदान तयार झाले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींनी देशभरातील मल्लांना जागा दिली. कागल जहागिरीचा कारभार महाराजांचे धाकटे बंधू पिराजीराव घाटगे यांच्याकडे होता आणि मुरगुडातील सर पिराजीराव तलाव त्यांचे नाव आजही सांगतो. मुरगूडच्या परिसरात कुस्ती रुजली ती या वातावरणात. शाहू महाराजांनी स्त्रीशिक्षणासाठी आणि विधवाविवाहासाठी कायद्याने वाट मोकळी केली, परंतु तालमीच्या दाराशी ही सुधारणा थांबली. त्या काळाच्या मर्यादेत यापेक्षा वेगळे घडणे कठीण होते, आणि म्हणून यात महाराजांना दोष देणे अन्यायाचे होईल.

मुद्गल स्त्रीच्या हाती प्रथम सार्वजनिकपणे आला तो कोल्हापुरात नव्हे, तर इंग्लंडात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातील इंग्रज सैनिकांनी देशी शिपायांचे मुद्गल पाहिले, ते फिरवण्यास ते शिकले, आणि ‘इंडियन क्लब’ या नावाने हा व्यायाम विलायतेत पोहोचला. डोनल्ड वॉकर या लेखकाने १८३४ साली पुरुषांच्या व्यायामावर पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात या मुद्गलांचा समावेश होता. पुढे १८३६ च्या सुमारास त्याने खास स्त्रियांसाठी दुसरे पुस्तक काढले आणि त्यात मुद्गलाऐवजी ‘सेप्टर’, म्हणजे राजदंड, या नावाचा हलका आणि सडपातळ दांडका सुचवला. या बदलाकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. स्त्रीसाठी साधन वेगळे असावे, ही जाणीव येथे लेखनात उतरली, ही जमेची बाजू. परंतु त्या पुस्तकाचा घोषित हेतूच स्त्रीचे सौंदर्य राखणे आणि वाढवणे हा होता, बळ वाढवणे हा नव्हता. साधन हलके झाले ते स्त्रीचा खांदा मोजून नव्हे, तर स्त्रीने घाम गाळणे शोभत नाही या समजुतीतून. सडपातळ खांदे आणि ताठ मान मिळाली की काम झाले. पुढच्या महिन्यात आजच्यापेक्षा जड दांडका घ्यावा, अशी चढती पायरी त्या विचारात नव्हती, आणि ज्या व्यायामात पायरी चढायचीच नसते तो व्यायाम काही काळाने नुसता देखावा होतो.

अमेरिकेत १८६० च्या दशकात सायमन केहो याने मुद्गलांचा कारखानदारी प्रसार केला आणि डायो लुईस या शिक्षणतज्ज्ञाने मुलामुलींना एकत्र करावयाच्या नव्या व्यायामपद्धतीत हलक्या लाकडी साधनांना स्थान दिले. १९०४ च्या सेंट लुईस आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्वतंत्र स्पर्धा झाली, पण ती पुरुषांची होती. त्यानंतर पुरुषांचा मुद्गल ऑलिम्पिकमधून गेला आणि स्त्रियांचा मात्र आला. १९८४ साली लॉस एंजेलिसमध्येच तालबद्ध जिम्नॅस्टिक्स हा केवळ स्त्रियांचा क्रीडाप्रकार ऑलिम्पिकमध्ये समाविष्ट झाला, ज्यात चेंडू, फीत, रिंगण यांच्याबरोबर मुद्गलांची जोडी हे मान्य साधन आहे. नियमानुसार त्यातील प्रत्येक मुद्गल किमान १५० ग्रॅम वजनाचा आणि ४० ते ५० सेंटिमीटर लांबीचा असतो. ठाण्याची संयुक्ता काळे हिच्यासारख्या महाराष्ट्रीय खेळाडूंनी या प्रकारात राष्ट्रीय पदके मिळवली आहेत. दीडशे ग्रॅमचा हा मुद्गल फेकायचा, झेलायचा आणि बोटांत खेळवायचा असल्यामुळे त्याचे वजन कामाला शोभणारेच आहे. चूक होते ती हेच वजन स्त्रीचे नैसर्गिक वजन समजण्यात.

महाराष्ट्रात मुद्गलाचे पुनरुज्जीवन झाले ते विसाव्या शतकातील व्यायामचळवळीतून. बडोद्यात जुम्मादादा आखाड्याच्या परंपरेतील राजरत्न माणिकराव यांनी देशी व्यायामांची सांघिक कवायत बसवली आणि तिच्या आज्ञा इंग्रजीऐवजी देशी भाषेत दिल्या. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, म्हणजे वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या संस्थेने, १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखवली. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा दहा खंडांचा कोश सिद्ध केला. याच काळात मुलींच्या शाळांतून लेझीम आणि मुद्गल यांच्या कवायती शिरल्या, तसेच १९३६ साली वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकर यांनी स्थापन केलेल्या राष्ट्र सेविका समितीने मुलींच्या शारीरिक शिक्षणाला नियमित स्थान दिले. या सर्व प्रयत्नांमुळे मराठी मुलीच्या हातात मुद्गल आला. पण शाळेच्या कवायतीसाठी पन्नास मुलींना एकाच आकाराच्या पन्नास जोड्या लागतात. त्या स्वस्त, हलक्या आणि सारख्या असाव्या लागतात, आणि ताल चुकू नये हे त्यांचे मुख्य काम असते. कवायतीने मुद्गल स्त्रीपर्यंत आणला, मात्र एकेका स्त्रीच्या मापाने तो घडवला नाही.

स्त्रीने बळासाठी बळ कमावावे, ही गोष्ट समाजाला किती जड गेली, हे हमीदा बानू या स्त्रीमल्लाच्या उदाहरणावरून कळते. ४ मे १९५४ रोजी बडोद्यात तिने बाबा पहलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीतपट केले. पुण्यात मात्र रामचंद्र साळुंके यांच्याबरोबरची तिची ठरलेली कुस्ती तालीम संघाच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. पुरुषांच्या आखाड्यात, पुरुषांच्या साधनांवर मेहनत करून उभी राहिलेली ही स्त्री अपवाद म्हणूनच पाहिली गेली आणि तिच्या मागून मुलींची रांग लागली नाही. स्त्रियांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा १९८७ साली नॉर्वेत झाली, २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची कुस्ती आली, २०१६ साली रिओमध्ये साक्षी मलिकने कांस्यपदक जिंकले, आणि मार्च २०२३ मध्ये सांगलीत झालेल्या पहिल्या महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत प्रतीक्षा बागडी विजयी झाली. कोल्हापूर भागात वडणग्याच्या रेश्मा मानेने आणि मुरगूडच्या मल्लांनी ही वाट रुंद केली. या मुलींच्या हाती मुद्गल येतो तेव्हा तो सौंदर्यासाठीही नसतो आणि कवायतीसाठीही नसतो. ढाक मारणे, पट काढणे यांसारखे डाव करताना किंवा प्रतिस्पर्ध्याचा हात मानेवरून झटकताना खांदा पूर्ण फिरला पाहिजे आणि मनगट सुटता कामा नये, यासाठी तो असतो. म्हणून मुद्गलाच्या निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने आता प्रथमच उभा राहिला आहे.

हाच प्रश्न एका सर्वस्वी वेगळ्या खेळात सव्वाशे वर्षांपूर्वी उपस्थित झाला आणि त्याची उकल तेथे बरीच पुढे गेली. तो खेळ गोल्फ होय. गोल्फची काठीही मुद्गलाप्रमाणे खांद्यावरून मागे नेऊन झोक्याने फिरवावी लागते, आणि चेंडू किती दूर जाईल हे काठीच्या टोकाने गाठलेल्या वेगावर मुख्यतः अवलंबून असते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १८६७ साली स्त्रियांचा गोल्फ क्लब स्थापन झाला, पण तेथे हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलण्याचाच खेळ चाले. १८९० साली बॅडमिंटन लायब्ररी या प्रसिद्ध ग्रंथमालेतील गोल्फच्या खंडात लॉर्ड वेलवुड यांनी असे मत मांडले की, स्त्रियांचा फटका सत्तर-ऐंशी यार्डांपुरताच, म्हणजे सुमारे ६४ ते ७३ मीटरांपर्यंत, असावा, कारण त्याहून दूर मारायचे तर काठी खांद्याच्या वर उचलावी लागते आणि ते स्त्रियांच्या पेहरावाला शोभत नाही. मुद्गल हलका करणाऱ्या वॉकरचा आणि काठी खांद्याखाली ठेवू पाहणाऱ्या वेलवुड यांचा विचार एकाच मुशीतला आहे, हे सांगण्याची गरज नाही. १८९३ साली लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली आणि त्याच वर्षापासून सलग तीन वर्षे लेडी मार्गारेट स्कॉट यांनी ब्रिटिश स्त्रियांचे अजिंक्यपद मिळवले. त्यांचा झोका खांद्याच्या कितीतरी वर आणि पाठीमागे पूर्ण वळलेला असे.

गोल्फच्या काठीत स्त्रियांसाठी जे बदल झाले त्यांचा क्रम उद्बोधक आहे. प्रथम पुरुषांची काठी थोडी कापून आखूड केली गेली आणि तीच स्त्रियांची काठी म्हणून विकली गेली. १९४० च्या सुमारास पॅटी बर्ग या अमेरिकन खेळाडूने विल्सन कंपनीबरोबर करार केला आणि एका स्त्रीच्या नावाच्या काठ्या बाजारात येऊ लागल्या. पुढे ग्राफाइटचे हलके दांडे आले आणि काठी पारखण्याचे शास्त्रच तयार झाले. या शास्त्रात लांबीबरोबर दांड्याची लवचीकता मोजतात, म्हणजे झोक्याच्या वेळी दांडा किती वाकतो ते पाहतात. झोका संथ असेल तर ताठ दांडा वेळेवर वाकून सरळ होत नाही आणि चेंडूला जोर मिळत नाही. काठीचे तोंड जमिनीशी किती कोनात बसते, चेंडू किती उंच उडवण्यासाठी ते किती मागे कललेले आहे आणि मूठ बोटांना किती जाड पडते, हेही पाहिले जाते. तरीही दुकानात ‘स्त्रियांचा संच’ या नावाने मिळणारी वस्तू सर्व स्त्रियांना बसत नाही, याचे कारण आकड्यांतून दिसते. अमेरिकेतील व्यावसायिक स्त्री-खेळाडूंच्या सर्वांत लांब काठीचा वेग सरासरी ताशी ९४ मैल असतो आणि पुरुष व्यावसायिकांचा सुमारे ११३ मैल, तर हौशी खेळणाऱ्या बहुतेक स्त्रियांचा वेग यांच्या बराच खाली राहतो. म्हणजे स्त्री-व्यावसायिक आणि हौशी स्त्री यांच्यातील अंतरही मोठे आहे. म्हणूनच जाणकार विक्रेता ग्राहक बाई आहे की पुरुष, हे न विचारता झोक्याचा वेग मोजतो, मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजतो आणि मग काठी काढतो.

मुद्गलाला हाच विचार लावला तर पहिली गोष्ट अशी आढळते की, नुसते वजन कमी करणे हा उपाय अपुरा आहे. साधन आडवे धरले असता ते मनगटाला जी पीळ देते, तिला बलआघूर्ण म्हणतात, आणि ते वजन आणि मुठीपासून तोलबिंदूपर्यंतचे अंतर यांच्या गुणाकाराइतके असते; तोलबिंदू म्हणजे ज्या जागी बोटावर ठेवल्यास मुद्गल समतोल राहतो ती जागा. ४ किलोंच्या मुद्गलाचा तोलबिंदू मुठीपासून ४५ सेंटिमीटरवर असेल तर मनगटावर पडणारी पीळ सुमारे १८ न्यूटन-मीटर होते. २ किलोंच्या आणि ३० सेंटिमीटरवर तोल असलेल्या मुद्गलाची ती ६ च्या आसपास येते. वजन निम्मे झाले पण पीळ तिसऱ्या हिश्श्यावर आली. झोक्याच्या आरंभी मुद्गलाला गती देण्यास आणि शेवटी त्याला थोपवण्यास जो जोर लागतो, तो तर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तेथे लांबीतील थोडासा फरकही वजनातील मोठ्या फरकाएवढा ठरतो. उंच आणि लांब हाताच्या मुलीला आखूड मुद्गल दिला तर त्याचा झोका तुटक होतो. ठेंगण्या मुलीला लांब मुद्गल दिला तर तो पाठीमागे मांड्यांना लागतो आणि तो चुकवण्यासाठी ती कोपर बाहेर काढते. दुखापतीचे मूळ वजनात नसून येथे असते.

दुसरी गोष्ट मुठीची. पुरुषाच्या तळव्यासाठी कातलेली जाड मूठ लहान तळव्यात पूर्ण वेढली जात नाही, अंगठा आणि बोटे एकमेकांना भेटत नाहीत, आणि मग मुद्गल सुटू नये म्हणून मुलगी तो आवळून धरते. आवळलेल्या मुठीने मनगट ताठते आणि मुद्गलाच्या व्यायामाचा जो मुख्य लाभ, म्हणजे मनगट आणि खांदा सैल राहून फिरणे, तोच हरवतो. तिसरी गोष्ट शरीराची. स्त्रियांचे कमरेवरचे बळ सरासरीने पुरुषांच्या निम्म्याहून थोडे अधिक असते, तर पायांच्या बळातील तफावत याहून बरीच कमी असते. हात सरळ खाली सोडला असता कोपरापाशी बाहेरच्या बाजूला जो कोन पडतो, तोही स्त्रियांत सरासरीने काहीसा मोठा असतो. म्हणून मुलीने मुद्गल नुसत्या हाताने न ओढता पायांचा आणि कमरेचा झोका त्यात घालावा, अशी शिकवण आरंभापासून दिली पाहिजे. येथे ‘सरासरी’ या शब्दाचा अर्थ विसरता येणार नाही. स्त्रियांच्या कुस्तीत ऑलिम्पिकचे वजनगट ५० किलोंपासून ७६ किलोंपर्यंत जातात, आणि ७६ किलोंच्या मुलीचा खांदा ५० किलोंच्या मुलीच्या खांद्यापेक्षा एखाद्या तरुण मल्लाच्या खांद्याला अधिक जवळचा असतो. दोघींना ‘मुलींची जोडी’ म्हणून एकच मुद्गल देणे म्हणजे शाळेच्या कवायतीचीच चूक पुन्हा करणे होय.

निवडीची रीत साधी आहे आणि तिला यंत्र लागत नाही. मुलीने भिंतीकडे पाठ करून हातभर अंतरावर उभे राहावे, मुद्गल खांद्यावरून मागे सोडावा आणि कोपर वर ठेवून तो पाठीमागे लोंबू द्यावा. या स्थितीत त्याचे बूड कमरेच्या खाली फार उतरत असेल तर तो तिच्यासाठी लांब आहे. मूठ धरल्यावर अंगठा मधल्या बोटाला टेकला पाहिजे. दोन्ही हातांनी सलग वीस-पंचवीस हात केल्यावर शेवटचा हात पहिल्यासारखाच कोपर न पसरता होत असेल तर वजन योग्य, आणि तो सहज होत असेल तर पुढच्या जोडीची वेळ झाली असे समजावे. पायरी चढण्याचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण स्त्रीच्या हाती दिलेला मुद्गल दोनशे वर्षे हलका राहिला तो तिचा हात चढू शकत नाही म्हणून नव्हे, तर पुढची जोडी कोणी कातलीच नाही म्हणून.

मॅटवरच्या कुस्तीने मुद्गलाला मागे सारले आहे आणि व्यायामशाळांत लोखंडी वजने आली आहेत. लोखंडी वजनांवर आकडा कोरलेला असतो, त्यामुळे आज काय उचलले आणि उद्या काय उचलायचे हे प्रशिक्षकाला निश्चित सांगता येते; लाकडी मुद्गल या बाबतीत मुका आहे. कातकाम करणारे कारागीर कोल्हापूर जिल्ह्यात अजून आहेत, आणि ज्या गावाने मुलींना आखाड्यात उतरवले त्या मुरगुडानेच ही उणीव भरून काढण्यास आरंभ करावा, हे सर्वथा योग्य ठरेल. तेथील वस्तादांनी आणि सुतारांनी एकत्र बसून पाव-पाव किलोंच्या चढत्या पायऱ्यांनी, दोन-तीन लांबींत आणि बारीक मुठीच्या जोड्या करवून घ्याव्यात, आणि प्रत्येक मुद्गलाच्या बुडावर त्याचे वजन व तोलबिंदूचे अंतर, असे दोन्ही आकडे कोरावेत.